शाळेतील खुणांचा दुभाषी

भिवंडीच्या यंत्रमागांचा खडखडाट ज्यांनी ऐकला आहे, त्यांस हे सांगावयास नको की, मागाच्या कारखान्यात मनुष्याच्या आवाजास काही किंमत उरत नाही. धागा तुटला, कांडी संपली, शेठ आले, हे सारे तेथे हाताने व मानेने कळविले जाते. वऱ्हाळदेवीच्या तलावाकाठच्या कामतघरातील पुष्कळ कुटुंबांस ही रीत परिचयाची आहे. त्यामुळेच की काय, खुणांनी बोलणे ते एवढेच, कोणासही सहज जमण्यासारखे, असा समज होऊन बसतो. कर्णबधिर मुलाच्या शिक्षणास या समजाने फार अपाय होतो.

मागावरची खूण गरजेपुरती असते. तिला व्याकरण नाही. भारतीय सांकेतिक भाषेस ते आहे. हाताचा आकार, त्याची जागा, त्याची गती आणि मुखावरचा भाव मिळून तिचा एकेक शब्द घडतो. ‘तू कोठे जातोस?’ या प्रश्नातील ‘कोठे’ तीत वाक्याच्या शेवटी जाते. मदन वासिष्ठ व जेम्स वुडवर्ड यांनी १९७७ च्या सुमारास दिल्ली, मुंबई, कलकत्ता इत्यादी शहरांत शोध केला, तेव्हा शब्दांत गावोगाव भेद असला तरी भाषेची घडण सर्वत्र मिळतीजुळती असल्याचे आढळले. तोवर शाळांतून या भाषेस थारा नव्हता. इटलीतील मिलान येथे १८८० साली भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने मुखाने बोलावयास शिकविणे हीच उत्तम पद्धती ठरविली, आणि तिची छाया पुढे शंभर वर्षे आपल्याकडील शाळांवरही राहिली. जी भाषाच मानली जात नव्हती, तिचा दुभाषी कोण घडविणार?

आता सर्वसाधारण शाळेतील वर्ग डोळ्यांपुढे आणावा. गुरुजी फळ्यापाशी अपूर्णांक शिकवीत आहेत. शेजारी उभा राहून दुभाषी त्यांचे बोलणे हातांनी सांगतो. गुरुजी म्हणतात, ‘छेद समान करा.’ अर्धकच्चा दुभाषी येथे कापण्याची खूण करतो, आणि मुलगा वहीत रेघेवर रेघ मारीत बसतो. ही चूक कोणाच्या ध्यानात येणार? गुरुजींस खुणा कळत नाहीत, मुलास मूळ वाक्य ऐकू येत नाही. परीक्षेत शून्य मिळाले म्हणजे सर्वांचे एकमत होते की, पोरच मंद. ज्या धंद्यातील चूक दोन्ही पक्षांस दिसत नाही, तेथे तिसऱ्याने घेतलेली परीक्षा अपरिहार्य ठरते.

तशी सोय आपल्या देशात आहे. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेस व्यावसायिकांची नोंदवही ठेवण्याचा अधिकार मिळाला. परिषदेने मान्य केलेला सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचा पदविका अभ्यासक्रम बारावीनंतर दोन वर्षांचा आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तो शिकविला जातो. तीत भाषेइतकेच महत्त्व आचारधर्मास असते : ऐकलेले सारे सांगावे, पदरचे काही घालू नये, वर्गातील गोष्ट बाहेर नेऊ नये. मुलाचे अडलेले गणित हळूच सोडवून देण्याचा मोह दुभाष्यास फार होतो, आणि तो दयाळू असेल तर अधिकच होतो! दिल्लीचे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ साली निघाले. २०२१ साली त्याचा कोश दहा हजार शब्दांपर्यंत पोहोचला.

तथापि ही पदविका सर्वसाधारण दुभाष्याची आहे. कचेरी, न्यायालय, रुग्णालय यांसाठीही तीच. अमेरिकेत शाळेतील दुभाष्याची परीक्षाच निराळी असते. त्याचे काम चित्रफितीवर घेऊन शून्य ते पाच असे गुण देतात, व कित्येक संस्थाने ठराविक गुणांखालील मनुष्यास वर्गात उभे करीत नाहीत. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमावे आणि समावेशक शिक्षणास साहाय्य करणारे व्यावसायिक तयार करावे, असे म्हटले आहे. त्याचा अर्थ शालेय दुभाष्याच्या स्वतंत्र परीक्षेपर्यंत नेणे युक्त होईल.

भिवंडीत अडचण दुहेरी आहे. मुलाच्या घरी तेलुगू, शेजारी उर्दू किंवा हिंदी, शाळेत मराठी. तेव्हा दुभाष्यास खुणांबरोबर शाळेच्या माध्यमाची भाषाही पक्की यावयास हवी. शिवाय कामतघरची एखादी मुलगी हे शिकावयास निघालीच, तर एसटीने ठाणे, लोकलने दादर आणि पुढे वांद्रे, असा रोजचा प्रवास दोन वर्षे करणे घरच्यांच्या पाठबळावाचून कठीण.

दुभाषी नेमताना मुख्याध्यापकांनी त्याचा परिषदेचा नोंदणी क्रमांक मागावा, व दर पाच वर्षांनी करावयाचे नूतनीकरण झाले आहे की नाही हेही पाहावे. त्यानंतर एखाद्या सुशिक्षित कर्णबधिर गृहस्थास एक तास वर्गात बसवावे, आणि तास संपल्यावर आज काय शिकविले ते त्यांस कागदावर लिहावयास सांगावे.