लसीपुरती थांबलेली लढाई

युद्धात बॉम्बखाली सापडलेली मुलं आपल्याला बातम्यांत दिसतात. पाण्याची लाइन फुटून, सांडपाणी तंबूंत शिरून, दवाखाने बंद पडून जी मुलं गोवराने, जुलाबाने दगावतात, त्यांची बातमी होत नाही. लांबलेल्या युद्धांत अशी मुलंच अनेकदा जास्त असतात. त्यांना वाचवायला तह होईपर्यंत थांबावं लागत नाही, हे एल साल्वादोरने १९८५ मध्येच दाखवून दिलं. तिथे यादवी ऐन भरात होती. युनिसेफचे प्रमुख जेम्स ग्रँट यांनी राष्ट्राध्यक्ष दुआर्ते यांना गळ घातली, कॅथलिक चर्चने बंडखोरांशी बोलणी केली आणि लसीकरणासाठी तीन दिवस बंदुका थांबल्या. हे दिवस सलग नव्हते. पोलिओ किंवा घटसर्पाच्या लसीच्या एका डोसाने भागत नाही, मध्ये काही आठवडे जावे लागतात. म्हणजे पुन्हा लढाई सुरू झाल्यावरही दोन्ही बाजूंना पुढच्या तारखेचा शब्द पाळायचा होता. त्यांनी तो पाळला, आणि १९९२ मध्ये युद्ध संपेपर्यंत दरवर्षी पाळला.

यावर पहिला आक्षेप असा, की आज लस दिलेलं मूल उद्या बॉम्बहल्ल्यात मेलं तर उपयोग काय? आक्षेपातली वेदना खरी आहे, आणि असा विराम युद्धबंदीची जागा घेऊ शकत नाही हेही खरं. पण पोलिओने लुळा पडलेला पाय तह झाल्यावर बरा होत नाही. दुसरा आक्षेप लष्करी आहे: शत्रूला उसंत मिळते. मला तो फारसा पटत नाही. तारीख, तास आणि भाग आधी ठरलेले असले, की ती उसंत दोघांनाही सारखीच मिळते. खरा धोका वेगळाच आहे, विश्वास मोडण्याचा. ओसामा बिन लादेनच्या शोधात सीआयएने अबोटाबादमध्ये लसीकरणाची बनावट मोहीम चालवली. २०११ मध्ये ते उघड झालं, लसीविषयीचा जुना संशय बळावला आणि पुढच्याच वर्षापासून पाकिस्तानात पोलिओचे डोस पाजणाऱ्या बायकांवर गोळ्या झाडल्या जाऊ लागल्या. पुढे अशा मोहिमांचा वापर करणार नाही, असं अमेरिकेने २०१४ मध्ये जाहीर केलं. तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

विश्वास टिकला तर काय होतं, ते गाझात दिसलं. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे पंचवीस वर्षांनी पोलिओचा रुग्ण सापडला, दहा महिन्यांचं बाळ. सप्टेंबरमध्ये एकेका भागात रोज काही तास हल्ले थांबवायचं ठरलं. शीतपेट्या घेऊन कर्मचारी तंबूंपर्यंत गेले. दोन थेंब पाजायचे आणि बोटाला शाई लावायची, आपल्या पल्स पोलिओसारखंच. दहा वर्षांखालच्या सुमारे साडेपाच लाख मुलांना पहिला डोस मिळाला. रस्ते उखडलेले होते, वीज नव्हती, तरी हे झालं. दुसऱ्या डोसाच्या वेळी मात्र उत्तर गाझात विरामाचं क्षेत्र आक्रसून जवळपास गाझा शहरापुरतं उरलं. जबालिया, बैत लाहिया आणि बैत हानून तिथून काही किलोमीटरवर आहेत. लस होती, ती पाजणारी माणसं होती, पण वेढ्यातल्या त्या गावांतली हजारो मुलं दुसऱ्या डोसाविना राहिली.