बर्डीत खोली करायची की घरूनच पदवी? दूरशिक्षणात काय मिळते, काय सुटते

नागपूर : बारावीचा निकाल लागला की काटोल, नरखेड, उमरेड, भिवापूरकडच्या घरात एकच हिशेब सुरू होतो. पोट्ट्याला नागपूरला ठेवायचे का? सीताबर्डीत उतरले की क्लासेसच्या पाट्याच पाट्या दिसतात. पण खोलीभाडे अन् मेस कापसाच्या भावात बसत नाही. मग कोणीतरी सांगते, "मुक्त विद्यापीठातून करून टाक ना भाऊ."

सल्ला वाईट नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये राज्याच्या कायद्याने सुरू झाले, दिल्लीचे इग्नू १९८५ मध्ये संसदेच्या कायद्याने. दोघांचीही विभागीय केंद्रे नागपुरात आहेत. मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा "बाहेरून केलं" म्हणून नाक मुरडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

दूरशिक्षण म्हणजे मोबाइलवरचा वर्ग नव्हे. लॉकडाऊनपासून हा घोळ झाला आहे. यात पुस्तके मिळतात, अभ्यास केंद्रावर बहुतेक सुटीच्या दिवशी मार्गदर्शन होते, गृहपाठ द्यावा लागतो आणि परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यायची असते. गावात रेंज नसली तरी पुस्तक वाचता येते.

खरा फायदा वेळेचा. इग्नूची तीन वर्षांची बीए सहा वर्षांपर्यंत पूर्ण करता येते. लग्न झालेली मुलगी, दुकानात कामाला असलेला पोरगा, शेती सांभाळणारा, यांच्यासाठी ही मोठी सोय.

पण नुकसानही तिथेच होते. दिवसा वेचणी, रात्री लाइन आली की ओलित. पुस्तक उघड म्हणायला मास्तर नाही, सोबती नाही. गृहपाठ दुसऱ्याचा पाहून उतरवला जातो, परीक्षा नेमकी पेरणीत येते, अन् विषय मागे राहतात. सोबत इंग्रजी बोलायची सवय, लायब्ररी, मित्रमंडळी हेही सुटते.

माझे मत विचाराल तर, सतरा-अठराच्या पोराला एसटीने जाण्याजोगे तालुक्याचे कॉलेज असेल तर आधी तिथेच घाला. कामाला लागलेल्याने मात्र बिनधास्त मुक्तमध्ये नाव टाकावे.

इंजिनिअरिंग, डॉक्टरकी, वकिली यांच्या पदव्या दूरशिक्षणातून होत नाहीत. कोणी देतो म्हणाला तर उठून या. मागच्या तारखेची पदवी मिळवून देतो म्हणणाऱ्याकडूनही.

प्रवेशाआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, वेबसाइटवर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि चालू वर्षाची मान्यता तपासा. २०२४ पासून प्रवेशाला डीईबी आयडी लागतो. तो विद्यार्थ्याने स्वतः काढायचा, आधी एबीसी आयडी पाहिजे. फी विद्यापीठाच्या पोर्टलवरच भरा अन् पावतीवर विद्यापीठाचेच नाव आहे ना, ते पाहून घ्या.