शब्द गेले, चाल उरली

हवा असतो चष्मा आणि तोंडातून निघते 'किल्ली'. चुकले हे बोलणाऱ्यालाही कळते. तो मान हलवतो, जोर लावून पुन्हा म्हणतो, पुन्हा 'किल्ली'च. तोवर घरातल्यांनी सगळे ड्रॉवर उपसलेले असतात. पक्षाघातातून उठलेल्या माणसाच्या घरी असे प्रसंग रोज घडतात. वैद्यकात याला वाचाघात म्हणतात. भेटायला येणारा प्रत्येकजण 'हात उचलता येतो का?' हे विचारतो. शब्दांची चौकशी क्वचितच होते.

नेमके काय बिघडते

बहुतेक माणसांची भाषा मुख्यतः मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असते आणि उजव्या हातापायांचा ताबाही तिकडेच. त्यामुळे डावीकडचा रक्तपुरवठा तुटला की उजवी बाजू आणि बोलणे बरेचदा एकदमच जाते. १८६१ मध्ये पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका यांच्यापुढे एक ५१ वर्षांचा रुग्ण आला. काहीही विचारा, त्याच्या तोंडून 'तान' एवढेच निघे. समोरच्याचे बोलणे मात्र त्याला बरेचसे समजत होते. तो वारल्यावर ब्रोकांनी मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा सापडली.

वाचाघात म्हणजे बुद्धी जाणे नव्हे. काहींना ऐकलेले समजायलाही जड जाते, पण त्यांना वेड लागलेले नसते. 'बोलता येत नाही ना, मग लिहून दाखवा,' म्हणून वही पुढे करणारे नातेवाईक हमखास भेटतात. जिथे बोलणे अडते तिथे लिहिणेही बहुधा अडते, कारण बिघाड जिभेत नसून भाषेत असतो.

आरती जमते, पाणी मागता येत नाही

स्वतःचे नाव सांगताना अडखळणारा माणूस सोमवारपासून सुरू करून दिलेत तर सगळे वार म्हणून दाखवतो. बे एके बे चालते. गणपतीत टाळ्यांच्या ठेक्यावर अख्खी आरती शब्दांसकट म्हणतो. मग कोणीतरी कुजबुजते, 'बघा, मुद्दाम बोलत नाहीत.' हा आरोप फार दुष्ट आहे. घोकलेले, चालीत बसलेले बोलणे आणि त्या क्षणी जुळवलेले नवे वाक्य यांच्या वाटा मेंदूत पूर्णपणे एक नसतात. सूर-ताल सांभाळण्यात उजव्या अर्ध्या भागाचाही मोठा वाटा असतो, आणि तो शाबूत असतो.

याच धाग्यावर १९७३ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी एक उपचारपद्धत मांडली. छोटे वाक्य दोन सुरांत गुणगुणायचे, प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने ठेका द्यायचा, आणि मग हळूहळू चाल कमी करत साध्या बोलण्यावर यायचे. तिचा उपयोग सगळ्यांना सारखा होत नाही. नुसती भजने लावून ठेवल्याने बोलणे परत येईल, असेही नाही. आरतीपासून 'पाणी दे'पर्यंतचा पूल बांधायला स्पीच थेरपिस्टच लागतो.

ट्रान्स्ट्रोमर यांचा डावा हात

स्वीडनचे कवी टोमास ट्रान्स्ट्रोमर पेशाने मानसशास्त्रज्ञ होते आणि हौसेने पियानो वाजवत. १९९० मध्ये, ५९ व्या वर्षी, त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, बोलणे जवळजवळ गेले. उरलेल्या मोजक्या शब्दांतून आणि हातवाऱ्यांतून त्यांना काय म्हणायचे आहे ते पत्नी मोनिका ओळखत आणि इतरांना सांगत.

पियानो मात्र थांबला नाही. पाश्चात्त्य संगीतात केवळ डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना आहेत. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पाउल विट्गेनश्टाइन या वादकासाठी राव्हेलने लिहिलेली रचना त्यांतली सर्वांत गाजलेली. ट्रान्स्ट्रोमर असल्या रचना वाजवू लागले. पुढे स्वीडिश संगीतकारांनी खास त्यांच्यासाठी डाव्या हाताच्या नव्या रचना केल्या.

कविताही सुरू राहिली, आणि आखूड झाली. १९९६ मध्ये एक संग्रह आला, २००४ मधल्या संग्रहात तर हायकूच जास्त. ज्याला एकेक शब्द ओढून आणावा लागतो, त्याला तीन ओळींचा घाट सोयीचा पडणारच. पण ट्रान्स्ट्रोमर आधीपासूनच कमी शब्दांचे कवी होते, हेही विसरू नये. २०११ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. प्रथेप्रमाणे द्यायचे व्याख्यान त्यांनी दिले नाही. त्याऐवजी त्यांच्या कविता वाचल्या गेल्या आणि संगीत झाले. मेजवानीतले भाषण मोनिका यांनी केले.

चटका लावणारी गोष्ट वेगळीच आहे. १९७४ मधल्या आपल्या दीर्घकवितेत त्यांनी पक्षाघाताने वाचा गेलेला, तरीही संगीत रचणारा एक संगीतकार रंगवला होता. त्याचे वर्णन रशियाच्या विसारिओन शेबालिन यांच्याशी जुळते. शेबालिन यांनी दोन झटक्यांनंतर, बोलणे पार विस्कटलेले असताना, १९६२ मध्ये पाचवी सिंफनी पूर्ण केली. ती कविता लिहिताना ट्रान्स्ट्रोमर धडधाकट होते.

पापणी आणि आपली वर्णमाला

फ्रेंच संपादक जाँ-दोमिनिक बोबी यांचे प्रकरण नेमके उलटे. डिसेंबर १९९५ मधल्या झटक्याने त्यांचे सगळे शरीर थिजले, पण भाषा जशीच्या तशी राहिली. हलत होती ती फक्त डावी पापणी. मदतनीस फ्रेंचमध्ये जास्त वापरली जाणारी अक्षरे आधी, कमी वापरातली नंतर, अशा क्रमाने म्हणत जाई. हवे ते अक्षर आले की बोबी पापणी मिटत. वाक्ये आधी डोक्यात घडवून पाठ केलेली असत. असे एक अख्खे पुस्तक झाले. मार्च १९९७ मध्ये ते निघाले आणि काही दिवसांतच बोबी गेले.

मराठीत हे काम सोपे होईल, असे मला वाटते. आपली अक्षरे मुळातच रांगांत बसलेली आहेत. आधी रांग विचारायची: क, च, ट, त, प. मग रांगेतले अक्षर. 'पाणी'तला 'प' सहाव्या प्रश्नाला सापडतो, 'ण' आठव्या. काना-मात्रांची एक वेगळी ओळ लागेल, आणि य ते ळ यांच्या दोन रांगा. वाचाघात असलेल्याला मात्र अक्षरांपेक्षा चित्रे आणि हातवारे बरे पडतात, म्हणून तक्ता करण्याआधी थेरपिस्टला विचारावे. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत स्पीच थेरपीचे काम चालते. तक्ता कोणताही असो, त्याच्या एका कोपऱ्यात 'चुकलं, पुन्हा' हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. किल्ली शोधत सुटलेल्या घरच्यांना थांबवायला ते लागते.