छोटी मोटार आणि उसाची ट्रॉली



गळीत हंगाम सुरू झाला की रात्री-अपरात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतातच. त्याच रस्त्याने आपल्या छोट्या मोटारीही धावतात. गेल्या हंगामात फडावरून परतताना समोरच्या ट्रकच्या उजेडाने माझे डोळे दिपले. उजेड सरला, तोच पुढ्यात बिनदिव्याची उसाची ट्रॉली! ब्रेक वेळेवर लागला म्हणून वाचलो. मारुती ८०० सारख्या बुटक्या गाडीचे बॉनेट ट्रॉलीखाली शिरते आणि मार थेट काचेवर, म्हणजे आपल्या डोक्यावर बसतो.

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात १६ ते १७ मीटर जाते. म्हणून डोळे दिपले की आधी वेग कमी करा. दिवस मावळायच्या आत दिवे लावा. मागचे लाल दिवे चिखलाने माखलेत का, तेही बघा. ट्रॉलीला चिकटून चालू नका. ट्रॅक्टरचा आरसा तुम्हाला दिसत नसेल, तर ड्रायव्हरलाही तुम्ही दिसत नाही, हे पक्के ध्यानात ठेवा.

ट्रॉली व गाडीवाल्यांनाही सांगणे आहे. मागे लाल रिफ्लेक्टर लावा, लोंबणाऱ्या उसाने तो झाकू देऊ नका. पंक्चर झाल्यावर चाकाला लावलेले दगड निघताना उचला. बुटक्या गाडीचे चेंबर त्यावरच फुटते.

ऊस काट्यावर अर्धा तास उशिरा आला तरी चालेल; माणूस घरी पोचला पाहिजे.