यंत्रमानव हत्यार बदलतो तेव्हा

संगमरवराची मूर्ती घडविणारा कारागीर एकाच छिन्नीवर भागवीत नाही. प्रथम जाड, मग दातेरी, अखेरीस बारीक. हा बदल त्याच्या हाताला इतका सवयीचा असतो की त्यात काही कौशल्य आहे हे त्याला सांगूनही पटावयाचे नाही. इटलीतील कारारा येथे आज पुष्कळसे कोरीव काम यंत्रमानवाचा बाहू करतो. हत्यारे त्यालाही बदलावी लागतात.

ती एका मांडणीवर ओळीने ठेवलेली असतात. प्रत्येकाची मूठ निमुळती. बाहू आपले फिरते टोक मुठीवर आणतो आणि आतील चिमटा तिला वर ओढून घट्ट बसवितो. येथे योजकाचे शहाणपण दिसते. चिमटा ओढून धरते ती स्प्रिंग. दाबाची हवा लागते ती केवळ हत्यार सोडताना. त्यामुळे हवेची नळी फुटली तरी मिनिटाला हजारो फेरे घेणारी हिरकण्यांची चकती सुटून उडत नाही.

खरा शत्रू चिखल. हिरकण्या तापू नयेत आणि धूळ कामगाराच्या फुफ्फुसांत जाऊ नये म्हणून कापताना पाणी सोडावेच लागते. (ग्रॅनाइटच्या धुळीतील सिलिका तर फारच घातक.) पण तेच पाणी दगडाच्या पिठात मिसळून राड होते. तिचा एक कण मुठीवर राहिला तरी हत्यार किंचित तिरके बसते आणि मूर्तीच्या गुळगुळीत गालावर चरे उमटतात. म्हणून प्रत्येक बदलाच्या वेळी त्या खाचेतून हवेचा झोत सोडतात, व मूठ पुरती बसल्याची खूण मिळेपर्यंत टोक फिरू देत नाहीत.