वीज गेली, तर नाव कुठे जाईल?

आपल्या खकनारच्या परिसरात विहिरीवरचा विद्युत्-पंप कोणी पाहिला नाही? स्टार्टरचे हिरवे बटण दाबताच आत 'खट्' असा आवाज होतो. तारेच्या वेटोळ्यातून वीज वाहू लागते, त्याचे लोहचुंबक बनते आणि ते आतील पट्ट्या ओढून धरते. वीज गेली की चुंबकत्व नाहीसे होते व पट्ट्या सुटतात. ऑटो-स्विच बसविलेला नसेल, तर वीज परतली तरी पंप आपोआप सुरू होत नाही. पंप उघडून बसलेल्या माणसाचे प्राण या साध्या योजनेने वाचतात.

हेच विद्युच्चुंबक पुढे नावेवरही गेले. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली अमेरिकेत नावेच्या मागे अडकविण्याचे इंजिन विक्रीस आणले. १९६० नंतरच्या दशकात एव्हिनरूड व जॉन्सन या नावांच्या काही इंजिनांत गिअर बदलण्याचे काम विजेकडे सोपविण्यात आले. अशी जुनी इंजिने हौशी लोक आजही दुरुस्त करून वापरतात.

यांचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात हिरव्या तारेत वीज सोडली की नाव पुढे जाते, निळ्या तारेत सोडली की मागे. वीज नसेल तर पंखा फिरत नाही. नंतरच्या प्रकारात वेटोळी तेलाच्या दाबाला वाट करून देतात. तेथे केवळ हिरव्या तारेत वीज असता पंखा थांबतो, दोन्ही तारांत असता नाव मागे जाते आणि वीज मुळीच नसता नाव पुढे धावते! घाटाजवळ माणसे पोहत असताना तार तुटली, तर केवढा अनर्थ ओढवेल, याची कल्पना करा.

म्हणून दोष शोधताना इंजिन बंद ठेवून पंख्यापासून दूर राहावे आणि सोप्याकडून अवघडाकडे जावे. प्रथम १२ व्होल्टची बॅटरी व तिच्या टोकांवरील गंज पाहावा. मग फ्यूज, किल्ली आणि गिअरची कळ तपासावी. इंजिन न चालविता किल्ली फिरवून, कळ प्रत्येक स्थानी नेऊन, योग्य तारेत वीज पोहोचते का, हे लहान दिव्याने पाहावे. येथवर सारे ठीक असेल, तर किल्ली बंद करून तारांचे जोड सोडवावेत आणि प्रत्येक वेटोळ्याचा रोध मोजावा. तो साधारणतः ५-६ ओहम असतो. रोध अमर्याद आला तर तार तुटली, शून्याजवळ आला तर आवरण झिजून तार धातूला भिडली, असे समजावे. शेवटी पेटीतील तेल पाहावे. ते दुधासारखे पांढरट झाले असेल, तर आत पाणी शिरले आहे. तेलही या गिअरसाठी सांगितलेलेच भरावे.

अनेकजण प्रथम पेटीच उघडतात आणि अखेरीस दोष गंजलेल्या जोडात सापडतो!

नाव असो वा पंप, कोणत्याही यंत्राला हात लावण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : 'वीज गेली, तर हे काय करील?' ज्याला याचे उत्तर ठाऊक आहे, त्यानेच दुरुस्तीचे हत्यार उचलावे.