बंद दाराआडचे वार्धक्य



२०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवसापासून सारा देश घरात बंद झाला. पासष्ट वर्षांवरील मंडळींनी तर अत्यावश्यक कामावाचून उंबरठा ओलांडूच नये, असे शासनाचे सांगणे होते. शरीराच्या दृष्टीने ते योग्यच होते. कारण करोनाने सर्वांत अधिक बळी वृद्धांचेच घेतले. परंतु शरीर वाचविण्याच्या त्या धडपडीत वृद्धांच्या मनाचे काय झाले, हा प्रश्न पुष्कळ घरांत फार उशिरा विचारला गेला. ती साथ ओसरली, तरी प्रश्न शिळा झालेला नाही. साथी पुन्हा येतात. आणि गुडघ्यांनी किंवा दृष्टीने दगा दिलेल्या कित्येक वृद्धांना साथीवाचूनही हाच बंदिवास घडतो.

प्रथम दोन शब्दांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. एकान्त आणि एकाकीपणा या गोष्टी भिन्न आहेत. एकान्त माणूस स्वतः निवडतो. एकाकीपणा त्याच्यावर लादला जातो. भरल्या घरातही एखादी आजी एकाकी असू शकते, आणि एकटे राहणारे एखादे निवृत्त गृहस्थ आपल्या ग्रंथांत व ओळखीपाळखीत सुखी असू शकतात. म्हणून ‘आमच्याकडे माणसे पुष्कळ आहेत, त्यांना काय कमी?’ हे उत्तर पुरेसे नाही.

येथे एक अनपेक्षित गोष्ट सांगावीशी वाटते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जून २०२० मध्ये केलेल्या पाहणीत १८ ते २४ वयाच्या तरुणांपैकी जवळजवळ निम्म्यांत चिंताविकाराची लक्षणे दिसली. पासष्टीच्या पुढील लोकांत हे प्रमाण शंभरात सहाच्या आसपास होते. म्हणजे वार्धक्य हे दुबळ्या मनाचे दुसरे नाव नव्हे. ज्यांनी आयुष्यात दुष्काळ, मृत्यू आणि टंचाई पाहिली, त्यांच्यापाशी सोसण्याची एक कला असते. तथापि ही पाहणी संगणकाच्या जाळ्यावरून झाली होती. ज्यांना ते यंत्र हाताळता येत नाही, ज्यांची स्मृती ढळली आहे, जे अंथरुणाला खिळले आहेत, ते तिच्यात यावेत कसे? आणि खरी काळजी करायची ती नेमकी त्यांचीच.

वृद्धांचे नेमके काय हिरावले गेले? मोठ्या गोष्टी तर गेल्याच. त्या वर्षी पंढरीची पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.च्या बसने पंढरपुरास गेल्या. १२ एप्रिलला ईस्टरचा सण आला, तेव्हा चर्चची दारे बंद होती, आणि जन्मभर एका ठराविक बाकावर बसत आलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांनी तो उपासनाविधी नातवाच्या दूरध्वनीच्या वीतभर पडद्यावर पाहिला. अंत्यविधीला विसांहून अधिक माणसे नकोत असा नियम होता. त्यामुळे साठ वर्षांच्या मित्राला निरोप देणेही कित्येकांना साधले नाही. बेळगावची आई आणि कोल्हापूरची लेक यांच्यामध्ये परवान्याची भिंत उभी राहिली. २०२१ मध्ये कोगनोळीच्या नाक्यावर रोग नसल्याचा दाखला मागत होते. परंतु माझ्या मते याहून अधिक झीज झाली ती किरकोळ गोष्टी गेल्याने. वाचनालयातील वर्तमानपत्र, भाजीवालीशी घासाघीस, देवळाच्या पायरीवरील चार शब्द, कट्ट्यावरचा वादविवाद. यांना आपण वेळ घालविणे म्हणतो. वास्तविक माणूस अजून जगाच्या हिशेबात आहे, याची ती रोजची पोच असते.

ही पोच थांबली की तिचा परिणाम शरीरावरही होतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र तपासली गेली. ज्यांचे इतरांशी संबंध दृढ होते, त्यांची जिवंत राहण्याची शक्यता इतरांच्या मानाने सुमारे दीडपट आढळली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२० मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी बारा कारणे सांगितली. त्यांत माणसांशी तुटलेला संबंध, खिन्नता आणि हालचालीचा अभाव ही तिन्ही आहेत, आणि कोंडलेल्या घरात तिन्ही एकदमच शिरतात.

मग घरच्यांनी करावे काय? परगावी असलेली मुले दूरध्वनी करतात, हे चांगलेच आहे. पण तो कसा करतात? ‘जेवलात का? गोळी घेतलीत का? बाहेर तर गेला नाहीत ना?’ ही विचारपूस नव्हे, ही हजेरी झाली. मी शिक्षक आहे. हजेरीने वर्गात जिव्हाळा उत्पन्न होत नाही, हे मला ठाऊक आहे. त्याऐवजी काही मागावे. कैरीच्या लोणच्याचे प्रमाण विचारावे, जुन्या घराची हकीकत विचारावी, जमिनीच्या कागदांविषयी सल्ला घ्यावा. वृद्धाला मदत मिळाली की बरे वाटते. त्याची मदत मागितली की त्याहून बरे वाटते. फोनची वेळही ठरलेली असावी. वाट पाहण्याजोगे काही असले की दिवसाला आकार येतो. उठणे, स्नान, कोवळे ऊन, अंगणात किंवा ओसरीत चार फेऱ्या, हा क्रमही मोडू देऊ नये. रोगाच्या बातम्या मात्र दिवसातून एकदाच पुरेत.

आणखी एक साधी गोष्ट. ज्यांना कमी ऐकू येते, ते समोरच्याच्या ओठांवरून बरेच समजून घेत असतात. मुखपट्टीने ते ओठच झाकले. पुष्कळांनी ‘आजोबा हल्ली बोलत नाहीत’ असे म्हटले. खरे पाहता आजोबांना ऐकूच येत नव्हते. सुरक्षित अंतरावरून, समोर बसून, सावकाश बोलावे, आणि कानातील यंत्राचा विद्युत्‌घट संपला नाही ना, हे पाहावे.

दुःख आणि आजार यांतील सीमाही ओळखता आली पाहिजे. वृद्ध माणूस ‘मी खिन्न आहे’ असे क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, भूक नाही, पाठ दुखते, पहाटे तीनलाच जाग येते. असे दोन आठवडे चालले, आवडीच्या गोष्टींवरून मन उडाले, किंवा ‘आता माझे काय काम?’ अशी भाषा आली, तर ती वयाची कुरकुर समजू नये, डॉक्टरांना दाखवावे. खिन्नता म्हातारपणीही उपचाराने बरी होते. मात्र काल नीट बोलणारा माणूस आज एकाएकी भ्रमिष्टासारखा वागू लागला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. वृद्धांत ताप न येताही जंतुसंसर्ग होतो, आणि करोनातही कित्येकांचे पहिले लक्षण हा भ्रमच होते.

ज्येष्ठांसाठी १४५६७ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे; तो सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो. मनाच्या त्रासासाठी २०२२ पासून १४४१६ हा क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे. हे दोन्ही आकडे मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून दूरध्वनीजवळ टांगावेत, आणि शेजारच्या एका तरुणाचा क्रमांकही त्याखाली लिहावा. रात्री पाण्याचा नळ फुटला तर १४५६७ चा उपयोग नाही.